दुसऱ्या पायाचा दावा

या मंडळी, अशी पुढं सरका. दाराशी उभं राहून ऐकलेली गोष्ट निम्मी वाऱ्यावर जाते. पोंक्ष्यांच्या घरातली लग्नं, बदल्या, रुसवेफुगवे तुम्ही आजवर ऐकलेत. आज मी एका पायाची गोष्ट सांगणार आहे. गेलेल्या पायाची नव्हे हो; त्याचं नाव सरकारदरबारी केव्हाच लागलंय, त्याला पेन्शनही आहे. ही गोष्ट राहिलेल्या पायाची. दत्तगुरूंच्या मनात असेल तर गोड लागेल, आणि मध्येच डोळे भरून आले तर पदर-उपरणं ज्याचं त्याच्यापाशी आहेच.

चौऱ्याहत्तर सालची दत्तजयंती रविवारी आली होती. दूर बंगाली मुलखात, बेहाल्याच्या त्या घरात दत्तजयंती म्हणजे वर्षाचा मोठा सण. ज्यांनी घर बांधलं ते नाना, दत्तात्रय पोंक्षे, आता नव्हते. पण संध्याकाळी जन्म, त्याआधी कीर्तन आणि मग सुंठवडा हा क्रम त्यांच्या पत्नी कालिंदीबाईंनी चुकू दिला नव्हता. सकाळपासून स्वयंपाकघरात धाकटी सून सरोज सुंठ कुटत होती आणि थोरली विमल खोबरं किसत होती. तेवढ्यात विमलचा नवरा दिनकर चहाचा रिकामा कप हातात घेऊन दारात आला.

"सरोज, उद्या श्यामनं काठी घेऊन जायचं. आणि आत गेल्यावर थोडं लंगडायचं."

खलबत्ता थांबला. "लंगडायचं म्हणजे, भाऊजी?"

"म्हणजे लंगडायचं! शाळेच्या नाटकात म्हातारा झाला होता ना तो? बक्षीस मिळालं होतं."

विमल हसली. सरोज हसली नाही.

तिचा नवरा श्यामकांत लष्कराच्या सिग्नल्समध्ये हवालदार होता. पासष्टच्या लढाईत टेलिफोनची तार टाकत जीप पुढं निघाली आणि सुरुंगावर गेली. डावा पाय गुडघ्याखाली गेला. पुण्यात कृत्रिम पाय बसवून तो घरी आला, डायमंड हार्बर रोडवर रेडिओ-दुरुस्तीचं दुकान थाटलं, आणि तेव्हापासून शरीराचा सगळा भार उजव्या पायानं वाहिला. वाहता वाहता त्या पायाचा गुडघा झिजला. पस्तिशीच्या माणसाला सत्तरीचा गुडघा, असं बेहाल्याचे डॉक्टर म्हणाले. ऑपरेशन हवं. लष्कर ते करील, पेन्शनही वाढवील. पण हा गुडघा त्या गेलेल्या पायामुळंच गेला, हे लष्कराच्या डॉक्टरांच्या बोर्डानं मानलं पाहिजे. उन्हाळ्यातल्या बोर्डानं मानलं नव्हतं. अपील केल्यावर उद्या, सोमवारी, दुसरं बोर्ड बसणार होतं.

"मागच्या वेळी काय झालं ठाऊक आहे ना?" दिनकरनं कप ठेवला, टाचा जुळवल्या, छाती काढली आणि स्वयंपाकघरातल्या मांडणीला कडक सलाम ठोकला. "डॉक्टर विचारतात, कैसे हो? आणि आमचे बंधुराज म्हणतात, ईश्वर की कृपा है, साब! ब्लेझरवर पदकं, बुटांत तोंड दिसावं असं पॉलिश. या टोकापासून त्या टोकापर्यंत परेड केल्यासारखं चालून दाखवलं. आता डॉक्टरांनी काय लिहावं? त्यांनी लिहिलं, वयाप्रमाणं थोडं दुखतं, सेवेशी संबंध नाही. बिचाऱ्यांचं काय चुकलं?"

"तुमच्या घराण्याचंच वळण ते," विमल म्हणाली. "अंगात सणसणून ताप असला तरी तुम्ही 'बरं आहे' म्हणता. आईंनी दोघांना तसंच वाढवलंय."

बाहेरच्या खोलीत श्यामकांत कीर्तनकार बुवांसाठी माइक जुळवत बसला होता. तिथून आवाज आला, "दादा, मी खोटं लंगडणार नाही."

"मग खोटं सरळ का चालतोस?"

माइकमधून नुसती खरखर ऐकू येत राहिली.

"दिनू," देवघरातून कालिंदीबाई म्हणाल्या, "सणाच्या दिवशी पुरे."

"आई, महिन्यानं माझी नागपूरला बदली आहे. मी गेल्यावर त्याच्या दुकानाचं शटर कोण उचलणार? ट्रामच्या पायरीवर हात कोण देणार? बोर्डानं पुन्हा नाही म्हटलं तर दुकान बंद करून सगळ्यांनी माझ्याबरोबर चलायचं. बँकेचा मोठा बंगला आहे."

"आणि तिथं मी काय करू?" श्यामकांत म्हणाला. "तुझ्या पाहुण्यांना दार उघडू?"

"वाकड्यात शिरू नकोस."

"शिरत नाही. विचारतोय."

सरोजनं बत्ता पुन्हा उचलला. "भाऊजी, यांना सोंग जमायचं नाही," ती हळूच म्हणाली. "आणि जमलं तरी मला बघवणार नाही." देवघरातून सासूनं तिच्याकडं मायेनं पाहिलं. त्या घडीला सासू-सून एका बाजूला होत्या आणि दिनकर एकटा पडला.

*

चार वाजता दिगंबरबुवा खरगपूरहून आले. रेल्वेतून निवृत्त झालेला हा माणूस एकदा डोक्याला पगडी आणि हातात चिपळ्या घेऊन नारदाच्या गादीवर उभा राहिला की गार्डाची शिट्टी विसरायचा. काय तो आवाज! तार षड्जाला लागला की समईची वातसुद्धा सरळ व्हावी. एस्प्लनेडच्या ऑफिसांतली, बँकांतली, फोर्ट विल्यममध्ये बदलून आलेली मराठी घरं आपापली मुलं घेऊन जमली होती. पुढच्या रांगेत शेजारचे घोषबाबू धोतराचा सोगा सावरत बसले होते. मराठी त्यांना ओ की ठो कळत नसे, पण दर वर्षी पहिले यायचे ते तेच.

श्यामकांत नेहमीप्रमाणं मागं, खिडकीखाली जमिनीवर बसला. खुर्ची द्यायला सगळे तयार असत. पण बुवा उभे असताना आपण खुर्चीत बसावं हे त्याला पटत नसे.

उत्तररंगात बुवांनी एका म्हातारीचं आख्यान लावलं. देवळात दिवे लावणारी ती बाई. तेल उडून तिचा हात भाजतो; देवाला वाईट वाटेल म्हणून ती तो पदराखाली लपवते आणि एका हातानं सेवा करत राहते. एके दिवशी देव तिच्यापुढं येतो आणि म्हणतो, हात का गं दाखवला नाहीस? ती म्हणते, तुला दिसतंच की सगळं. बुवा थांबले, चिपळ्या छातीशी धरल्या. "देव म्हणाला, बये, मला दिसतं, पण तू पुढं केल्याशिवाय मला तो धरता कसा येईल?" बायकांनी डोळ्यांना पदर लावला. घोषबाबूंनीही धोतराचा सोगा लावला.

मग दिवेलागण झाली. पाळण्याची दोरी कालिंदीबाईंच्या हाती आली आणि त्यांनी नेहमीचं वाक्य म्हटलं, "डोळे मिटा सगळ्यांनी. देवाचा जन्म उघड्या डोळ्यांनी पाहायचा नसतो. घंटा वाजली की उघडा."

पोंक्ष्यांच्या घरची ही खास चाल. डोळे मिटूनच सगळ्यांनी उठायचं, आणि घंटा वाजून डोळे उघडले की सगळी मंडळी उभी, फुलं उधळायला तयार. घोषबाबूंना ती इतकी आवडायची की 'तुमच्याकडचा हा नियम फार सुंदर, माशीमा,' असं ते दर वर्षी कालिंदीबाईंना हिंदीत सांगत, आणि आता त्यांच्या घरी सरस्वतीपूजेलाही डोळे मिटत.

दिनकर दर वर्षी डोळे मिटायचा. आज मिटले नाहीत. सकाळी आपण भावाला जे बोललो, ते दिवसभर त्याच्या मनातून जात नव्हतं. हा माणूस इतका ताठ उभा राहतो तरी कसा, तेच पाहू, असं मनाशी म्हणत त्यानं मान किंचित वळवली.

श्यामकांतनं उपरण्याचं टोक दातांत धरलं होतं. आधी तो कुशीवर झाला, मग दोन्ही तळहातांवर. लाकडी पाय मागं घसरला. उजवा गुडघा दुमडायचं नावच घेईना. त्यानं तो हातानं ओढून पोटाखाली घेतला, तेव्हा त्याच्या मानेच्या शिरा टरारल्या. खिडकीचा गज एका हातात आला, दुसरा निसटला. तो अर्ध्यात लोंबकळला. आवाज मात्र कसलाच नाही. पुन्हा जोर केला. गुडघा थरथर कापत होता, कपाळ घामानं डबडबलं होतं. अखेर पाठ सरळ झाली, उपरणं खांद्यावर आलं, चेहरा पुसला गेला, आणि पाळण्यापाशी उभ्या असलेल्या आईकडं पाहून त्यानं बारीक मान हलवली.

आईचे डोळे उघडे होते. तिनं घंटा वाजवली.

"जन्मला गं माय!" बुवांचा आवाज घुमला. फुलं उडाली. दिनकरच्या हातातली फुलं हातातच राहिली.

*

सुंठवडा वाटून झाला, मंडळी पांगली, बुवा बाहेर दूध घेत बसले. आतल्या खोलीत दिनकरनं आईला गाठलं. सरोज आणि विमल भांडी आवरत होत्या.

"तुला ठाऊक होतं."

कालिंदीबाईंनी विचारलं नाही, काय ते. "हो."

"ती चाल नानांच्या वेळची नाही."

"नाही. तो पुण्याहून आला त्या वर्षी मीच काढली." त्या पाळण्यातली फुलं वेचू लागल्या. "त्या वर्षी तो उठताना पडला होता, दिनू. कीर्तनाला आलेल्या त्या हलकट वासंतीचा मुलगा हसला. पोर होतं, हसलं. पण याचा चेहरा मी पाहिला. तेव्हाच ठरवलं, पुन्हा कुणाला दिसू द्यायचं नाही. देवाचं नाव पुढं केलं. पाप लागलं असेल तर मला लागू दे."

"आई, पण उद्या हेच दाखवायला हवं! चालणं कसलं दाखवायचं? हे उठणं दाखवायचं!"

"काय बोलतोस? टेबलामागं बसलेल्या साहेबांपुढं माझ्या मुलानं गुरासारखं चार पायांवर व्हायचं?"

"मी रोज पाहते," सरोज मध्येच म्हणाली. भांडं तिच्या हातात तसंच होतं. "पहाटे अंथरुणातून उठताना. न्हाणीघरात. दुकानात गिऱ्हाईक गेल्यावर. भाऊजी म्हणतात ते खरं आहे, आई."

"सकाळी तर माझ्या बाजूनं होतीस."

"सकाळी भाऊजी सोंग म्हणाले. हे सोंग आहे का?"

कालिंदीबाई मोठ्या सुनेकडं वळल्या. विमल एरवी सासूच्या पुढं बोलत नसे. "आई," ती म्हणाली, "भाऊजींचा पाय गेला तेव्हा तिथं कोण होतं आपलं? परकेच होते ना? त्यांनीच उचलून आणलं."

"बुवांनी आज सांगितलं ते तरी ऐकलंस ना?" दिनकर म्हणाला.

"ऐकलं. तिथं देव होता. उद्या तिथं मेजर आहे."

दारातून हसण्याचा आवाज आला. श्यामकांत चौकटीला टेकून उभा होता. माइकची वायर खांद्यावर गुंडाळलेली.

"आई, मेजरलाही आई असते." तो आत येऊन पलंगाच्या कडेवर टेकला. "दादा, तू डोळे उघडे ठेवलेस ना? मला कळलं. एवढी वर्षं त्या अंधारात आईखेरीज मला कोणी नसायचं, आज आणखी कुणीतरी होतं."

दिनकर म्हणाला, "सकाळचं मी..."

"सकाळी तू बरोबर बोललास. चालायचं मला येतं, ते लष्करानं शिकवलं. बोर्ड लावतं तेही चालायलाच, मग माझी छाती आपोआप पुढं येते. उठायचं कुणी शिकवलं नाही. ते माझं मी शिकलो. उद्या तेच बघा म्हणणार आहे. खोटं काहीच नाही त्यात." त्यानं आईकडं पाहिलं. "तू नको म्हणालीस तर नाही करणार."

कालिंदीबाई फुलं वेचत राहिल्या. ज्या गोष्टीवर त्यांनी इतकी वर्षं पदर धरला, ती आता तो स्वतःच उघड्यावर नेऊ पाहत होता. पदर काढायचा तर त्यांनाच काढायला हवा होता. आणि मंडळी, आई काही लगेच 'हो' म्हणत नाही.

"ती निळी पँट नको घालू," त्या म्हणाल्या. "तंग आहे. बसताना शिवण उसवेल. तपकिरी घाल."

विमलला हसू आलं आणि रडूही. सरोजनं ते भांडं अखेर खाली ठेवलं.

*

सोमवारी सकाळी तिघं निघाली. श्यामकांत, दिनकर आणि हट्टानं आलेल्या कालिंदीबाई. बेहाल्याहून ट्रामनं एस्प्लनेड, तिथून टॅक्सी. मैदानावर धुकं होतं आणि धुक्यात कुणीतरी क्रिकेट खेळत होतं. चेंडू कुठून येतो ते त्या पोरांचं त्यांनाच ठाऊक.

लष्करी इस्पितळाच्या व्हरांड्यात लांब बाक होता. त्यावर एक शिपाई आधीच बसलेला; उजवी बाही खांद्यापासून रिकामी, पिनेनं नीट दुमडलेली. एकटाच, पण तोही ताठ.

श्यामकांतचं नाव पुकारलं गेलं. आत टेबलामागं तिघं डॉक्टर होते. मधले मेजर केसांनी पांढरे, चष्मा नाकाच्या टोकावर.

"चलके दिखाओ."

तो चालला. सवयीनं पाठ ताठ झाली, टाच वाजली. दुसऱ्या डॉक्टरांनी कागदावर काहीतरी टिपलं. श्यामकांतला ते दिसलं.

"अच्छा चलते हो. कैसे हो?"

"ईश्वर की..." जीभ आपल्या वाटेनं निघाली होती. तो थांबला. बाहेरच्या बाकावर आई बसली होती. "ईश्वर की कृपा है, साब. घुटने पर नहीं है."

मेजरनी चष्म्यावरून पाहिलं. ओठ हलले, हसले असावेत.

"साब, एक इजाजत चाहिए. ज़मीन पर बैठकर उठना चाहता हूँ."

"उससे क्या होगा?"

"चलना तो फौज ने सिखाया, साब. उठना देख लीजिए."

परवानगी मिळाली. तो बसला, आणि बसल्यावर कळलं की इथं धरायला खिडकी नाही. दातांत धरायला उपरणंही नाही. तो कुशीवर झाला, तळहातांवर आला. गुडघा ओढला. पहिल्या प्रयत्नात हात घसरला आणि हनुवटी फरशीला लागली. तरुण डॉक्टर खुर्चीवरून उठलाच. मेजरनी हात आडवा केला. श्यामकांतला वाटलं, आता हे कंटाळून पुरे म्हणतील. पण खुर्ची सरकली आणि मेजर टेबलाला वळसा घालून त्याच्यापाशी येऊन उकिडवे बसले. त्यांनी आपला तळहात त्याच्या उजव्या गुडघ्यावर ठेवला.

"अब उठो. मैं पकड़ूँगा नहीं, सिर्फ़ हाथ रखूँगा."

तो उठू लागला. हाताखाली गुडघ्यातलं ते घासणं, ते कचकचणं, मेजरना जाणवत होतं. त्यांचा चेहरा बदलत गेला. पहिल्यांदाच श्यामकांतच्या तोंडून आवाज फुटला. तो उभा राहिला तेव्हा मेजरही त्याच्याबरोबर उभे राहिले आणि त्यांचा हात आता त्याच्या खांद्यावर होता.

"पिछली बार क्यों नहीं दिखाया?"

"शरम आई थी, साब."

मेजर जागेवर गेले. दुसऱ्या डॉक्टरांनी मघाशी टिपलेलं त्यांनी खोडलं आणि इंग्रजीत मजकूर सांगू लागले: उजवा गुडघा, डाव्या पायाच्या दुखापतीमुळं, म्हणून सेवेमुळंच. मग मान वर करून म्हणाले, "हवालदार, यह घुटना भी उसी सुरंग का है. हम लिख रहे हैं."

तो बाहेर आला तेव्हा दिनकर व्हरांड्यात येरझाऱ्या घालत होता. श्यामकांतनं नुसती मान हलवली आणि थोरल्या भावानं, बँकेच्या त्या साहेबानं, भर व्हरांड्यात त्याला मिठी मारली. कालिंदीबाईंनी मुलाच्या हनुवटीवर खरचटलेलं पाहिलं, रुमाल काढला, थुंकीनं ओला केला आणि लहानपणासारखी ती जखम पुसली. तो नको नको म्हणत राहिला.

तेवढ्यात पुढचं नाव पुकारलं गेलं. बाकावरचा तो शिपाई उठला. एका हातानं कोट खाली ओढला, मिशी नीट केली, छाती काढली. उठताना त्याचा उरलेला डावा खांदा वेडावाकडा उचलला गेला आणि त्यानं तो झटकन खाली दाबला. श्यामकांतच्या नजरेतून ते सुटलं नाही.

"भाई," तो म्हणाला, "अंदर सीना मत तानना. जैसे घर में रहते हो, वैसे ही जाना."

शिपाई हसला. दात फार सुंदर होते त्याचे. "घर में भी ऐसे ही रहता हूँ, हवालदार साब," तो म्हणाला. "माँ देखती रहती है ना."

आणि तो आत गेला, दार लागलं.

कालिंदीबाईंना हिंदी बेताचंच येई, पण हे त्यांना कळलं. टॅक्सी आली तरी त्या बाकावरून उठेनात. दार पुन्हा उघडलं नाही. शेवटी दिनकरनं त्यांना हात धरून नेलं. त्या शिपायाचं नाव तिघांपैकी कुणीच विचारलं नव्हतं; पुकारलं गेलं तेव्हाही कुणाचं लक्ष नव्हतं.

म्हणून माझं तुमच्याकडं एवढंच मागणं आहे. आज घरी जाल, देवापुढं दिवा लावाल, आपल्या माणसांसाठी काय मागायचं ते मागाल. त्यात एक त्याच्यासाठीही मागा. नाव नसलं म्हणून काय झालं? रिकाम्या बाहीचा, सुंदर दातांचा, आत गेलेला तो, एवढं म्हटलं तरी पोचेल. त्याची आठवण ठेवा हो. त्याला विसरू नका.